लॅपटॉप चालतोय, पण प्रोजेक्टर काळा

सेमिनारला दहा मिनिटं आहेत. केबल लावली. लॅपटॉपवर पहिली स्लाइड व्यवस्थित दिसतेय आणि भिंतीवर मात्र "नो सिग्नल". पीएचडीच्या काळात ही वेळ बहुतेकांवर कधी ना कधी येते. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणतंच, "लिनक्स ना? मग होणारच."

हा लेख त्या दहा मिनिटांसाठी आहे. पण तेवढ्यासाठीच नाही. तुम्ही नेट देऊन, मुलाखती देऊन संशोधनात येणार असाल तर "बिघाड नेमका कुठे आहे?" हा प्रश्न तुम्हाला पुढची पाच वर्षं सोडणार नाही. मशीन बदलेल, प्रश्न तोच राहील. काळा प्रोजेक्टर हे त्याचं छोटं आणि स्वस्त उदाहरण आहे. मला ते जरा महागात पडलं, म्हणून आधी ते सांगते.

एक सूचना: आज्ञांची आणि फाइलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.

त्या दिवशी काय झालं

परळमधल्या एका संस्थेच्या हॉलमध्ये माझा वार्षिक प्रगती सेमिनार होता. वेळ तीस मिनिटं. माझं काम पेशींच्या हालचालींच्या व्हिडिओंवर, त्यामुळे मुख्य निष्कर्ष हलत्या चित्रातच दिसणार. आदल्या रात्री मी लॅपटॉप अपडेट केला होता आणि नवं कर्नल आलं होतं. सकाळी प्रोजेक्टर काळा.

माझं निदान दोन सेकंदांत झालं: अपडेटनं ग्राफिक्स ड्रायव्हर मोडला. मग मी घाईघाईत काय काय केलं बघा. केबल बदलली. सेटिंगमध्ये जाऊन डिस्प्लेची मांडणी बदलली. मोबाइलच्या नेटवरून ड्रायव्हरचा इन्स्टॉलर उतरवला आणि आधीच्या ड्रायव्हरवरच बसवला. रीस्टार्ट केलं. आता लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही येईना.

शेवटी मैत्रिणीच्या जुन्या लॅपटॉपवर पीडीएफ लावून बोलले. व्हिडिओंच्या जागी स्थिर चौकटी. समितीतले एक सर म्हणाले, "तुम्ही म्हणताय तसं हलत असेलही, पण आम्हाला ते दिसलं नाही." त्यांचं बरोबरच होतं. सेमिनार महिनाभरानं पुन्हा द्यावा लागला.

ड्रायव्हरचा त्यात काहीही दोष नव्हता, हे मला दोन दिवसांनी कळलं. ते कसं कळलं, ते पुढे पायरी पायरीने येईल.

परळचीच एक जुनी गोष्ट

"नुकतंच काहीतरी बदललं होतं, म्हणजे दोष त्याचाच" हा तर्क किती घातक ठरू शकतो, याचं एक मोठं उदाहरण परळमध्येच आहे.

वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. आजची हाफकिन संस्था तीच. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना इथली लस टोचली गेली आणि त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळे १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. ती ५३-एन क्रमांकाची बाटली. त्याच दिवशी उघडलेल्या दुसऱ्या बाटल्यांमधून लस घेतलेल्या कोणाला काही झालं नाही.

प्रयोगशाळेनं लस निर्जंतुक करण्याची पद्धत त्याआधी बदलली होती. कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेवर भर दिला होता. चौकशी आयोगाने बोट तिकडेच दाखवलं आणि हाफकिन पदावरून दूर झाले. पण त्याच पद्धतीनं बनलेल्या इतर बाटल्या निर्दोष होत्या. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच बूच काढायला वापरला होता, ही नोंदही समोर होती. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली परळहून निघतानाच दूषित असती, तर इतक्या दिवसांत आतल्या द्रवाला वास यायला हवा होता. तसा वास आलेला नव्हता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला. मधली वर्षं मात्र परत आली नाहीत.

माझ्या सेमिनारची आणि त्या शोकांतिकेची बरोबरी होऊच शकत नाही. पण विचारातली चूक सारखी आहे. बाटली परळहून मुल्कोवालपर्यंत अनेक हातांतून गेली. तसंच तुमची स्लाइड लॅपटॉपपासून भिंतीपर्यंत अनेक टप्प्यांतून जाते. साखळीत दोष कुठे आहे हे ठरवायचं, तर प्रत्येक कडीची वेगळी परीक्षा घ्यावी लागते. सगळ्यात ताज्या बदलावर संशय घ्यायला हरकत नाही, पण शिक्षा पुराव्यानंतर.

चित्राचा प्रवास

साखळी अशी आहे. वर तुमचा प्रोग्रॅम, म्हणजे स्लाइड दाखवणारा. त्याखाली डेस्कटॉप, तो एक्स-११ वर चालतो किंवा वेलँडवर. त्याखाली कर्नल आणि कर्नलमधला ग्राफिक्स ड्रायव्हर: इंटेलचा आय-९१५, एएमडीचा एएमडीजीपीयू, एनव्हिडियासाठी नूव्हो किंवा कंपनीचा स्वतःचा. मग लॅपटॉपचं पोर्ट, अडॅप्टर, केबल, मध्ये असलाच तर स्प्लिटर, आणि सगळ्यात शेवटी प्रोजेक्टर.

यात कर्नल ही मधली कडी आहे आणि आपल्या सोयीची आहे. पूर्वी रिझोल्यूशन वगैरे ठरवण्याचं काम एक्स सर्व्हर करायचा. २००९ मध्ये लिनक्स २.६.२९ पासून हे काम कर्नलमध्ये आलं. त्याला कर्नल मोड सेटिंग म्हणतात. त्यामुळे आज आपण डेस्कटॉपला बाजूला ठेवून थेट कर्नललाच विचारू शकतो: "तुला बाहेर काही दिसतंय का?" उत्तर मिळालं की साखळीचे दोन तुकडे पडतात. दिसत नसेल तर दोष कर्नल किंवा त्याच्या खाली. दिसत असेल तर निदान जोडणी झालेली आहे, आणि पुढचे प्रश्न वेगळे.

शंभर पानांच्या पुस्तकात एखादं पान शोधताना आपण मधूनच उघडतो ना, तसंच.

पायरी १: हात लावण्याआधी बघा

प्रोजेक्टरचा स्वतःचा मेनू भिंतीवर उमटतोय का? उमटत असेल तर दिवा आणि लेन्स ठीक आहे. इनपुट बरोबर निवडलंय का? एचडीएमआय-१ आणि एचडीएमआय-२ यांच्यातला गोंधळ फार सामान्य आहे. दुसरा लॅपटॉप त्याच केबलवर चालतोय का? तुमचा लॅपटॉप दुसऱ्या मॉनिटरवर चालतोय का?

शेवटचे दोन प्रश्न म्हणजेच कंट्रोल. प्रयोगात कंट्रोल ठेवता, तसाच इथेही. पण एक सावधगिरी बाळगा. "दुसरा लॅपटॉप चालला, म्हणजे केबल आणि प्रोजेक्टर निर्दोष" असं लगेच म्हणू नका. दोन्ही लॅपटॉप सारखंच चित्र पाठवत होते का, हे आधी बघायला हवं. मी इथेच फसले. मैत्रिणीचा लॅपटॉप चालला, म्हणून माझा ड्रायव्हर दोषी ठरवला. माझा कंट्रोल कंट्रोल नव्हताच.

यूएसबी-सी वापरत असाल तर आणखी दोन गोष्टी. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टातून चित्र जात नाही. काही पोर्टं फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात. पोर्टाशेजारचं चिन्ह किंवा लॅपटॉपचं माहितीपत्रक बघा. आणि काही डॉक डिस्प्लेलिंक तंत्रावर चालतात. त्यांना लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो, तो नसेल तर डॉकचा कीबोर्ड-माउस चालतो आणि चित्र येत नाही.

पायरी २: कर्नलला डिस्प्ले दिसतोय का?

टर्मिनल उघडा आणि स्लॅश सिस, स्लॅश क्लास, स्लॅश डीआरएम या फोल्डरमध्ये जा. तिथे "कार्ड०-एचडीएमआय-ए-१", "कार्ड१-डीपी-१", "कार्ड०-ईडीपी-१" अशा नावांचे फोल्डर दिसतील. ईडीपी म्हणजे बहुतेक वेळा लॅपटॉपचा स्वतःचा पडदा. प्रत्येक फोल्डरमध्ये "स्टेटस" नावाची फाइल असते. कॅट आज्ञेनं ती वाचा. आत एकच शब्द असतो: कनेक्टेड किंवा डिसकनेक्टेड.

हे लॅपटॉपला कसं कळतं? एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १८ व्या पिनेवरून लॅपटॉप ५ व्होल्ट पाठवतो. समोर डिस्प्ले असेल तर तो १९ व्या पिनेवर होकार देतो. याला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. म्हणजे चित्राच्या आधी साधी हाक आणि ओ असते.

आता तीन शक्यता.

पहिली: पोर्टाचं नावच यादीत नाही. ही केबलची तक्रार नव्हे. त्या पोर्टाचा ड्रायव्हर चालूच नाही. अनेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात, एक इंटेल किंवा एएमडीची आणि एक एनव्हिडियाची. लॅपटॉपचा पडदा पहिलीला जोडलेला असतो, आणि एचडीएमआय पोर्ट कित्येकदा थेट दुसरीला. दुसरीचा ड्रायव्हर चढला नाही, तर लॅपटॉप एकदम छान चालतो आणि बाहेरचं पोर्ट मात्र नाहीसं होतं. तपासायला "एलएसपीसीआय हायफन के" ही आज्ञा द्या आणि दोन्ही ग्राफिक्स चिपांखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" ही ओळ आहे का बघा. एका चिपेखाली ती नसेल तर धागा सापडला.

ड्रायव्हर का चढत नाही? नेहमीची कारणं तीन. कर्नल नवं आलं, पण त्याच्यासाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल तयारच झालं नाही. किंवा सिक्युअर बूट चालू आहे आणि मॉड्यूलवर सही नाही, म्हणून कर्नल ते घेत नाही. किंवा कर्नलला "नोमोडसेट" हा पर्याय दिलेला आहे. या तिसऱ्यावर थोडं थांबा. लिनक्स बसवताना पडदा आला नाही की इंटरनेटवर हमखास सल्ला मिळतो, "नोमोडसेट घाला." पडदा येतो, आपण खूश. पण त्या शब्दाचा अर्थच कर्नल मोड सेटिंग बंद करणं असा आहे. तो कायमचा राहिला, तर बाहेरचे डिस्प्ले चालणारच नाहीत. स्लॅश प्रॉक, स्लॅश सीएमडीलाइन ही फाइल वाचली की तो शब्द आहे की नाही ते दिसतं.

एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर अजून एक खुबी आहे. एनव्हिडिया-डीआरएम या मॉड्यूलचा "मोडसेट" पर्याय १ नसेल, तर ड्रायव्हर चालू असूनही त्याची पोर्टं या फोल्डरमध्ये दिसत नाहीत. म्हणजे "नाव नाही" या निरीक्षणाचेही दोन अर्थ निघतात. एलएसपीसीआयचं उत्तर शेजारी ठेवूनच ते वाचा.

दुसरी शक्यता: नाव आहे, पण डिसकनेक्टेड. ड्रायव्हर जागा आहे, समोरून ओ येत नाही. आता केबल, अडॅप्टर, पोर्ट. "डीमेसग हायफन डब्ल्यू" ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकारानं चालू ठेवा आणि केबल काढून पुन्हा लावा. कर्नल काही बोलतं का बघा. दुसऱ्या केबलनं तेच करा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

तिसरी शक्यता: कनेक्टेड, आणि तरीही भिंत काळी. माझी हीच होती. त्या सकाळी मी ही एक फाइल वाचली असती, तर ड्रायव्हरला हात लावला नसता.

पायरी ३: समोरच्यानं ओळख काय सांगितली?

ओ दिल्यावर डिस्प्ले स्वतःची ओळख सांगतो: मी कोण, कोणत्या कंपनीचा, मला कोणती रिझोल्यूशनं चालतात, त्यातलं आवडतं कोणतं. ही माहिती १२८ बाइटांच्या एका ठरावीक साच्यात असते. तिला ईडीआयडी म्हणतात. पुढे जोडलेले आणखी १२८-१२८ बाइटांचे तुकडे असू शकतात. पहिल्या १२८ बाइटांची बेरीज केली तर तिला २५६ ने निःशेष भाग जायला हवा. शेवटचा बाइट त्याच हिशेबानं भरलेला असतो. बाकी उरली तर माहिती वाटेत बिघडली असं समजायचं. तुमच्या डेटालाही अशी पडताळणी लावायची सवय आत्ताच करा.

त्याच फोल्डरमध्ये "ईडीआयडी" नावाची फाइल असते. "एलएस" आज्ञा तिचा आकार शून्य दाखवते, त्यावर विश्वास ठेवू नका. या फोल्डरातल्या फाइली डिस्कवर नसतात, वाचताना तयार होतात. "डब्ल्यूसी हायफन सी" नं बाइट मोजा. १२८ किंवा २५६ आले तर ओळख पोचली. खरोखरच शून्य आले, आणि स्टेटस कनेक्टेड असेल, तर हाक पोचतेय पण ओळख पोचत नाही. स्वस्त अडॅप्टर आणि भिंतीतल्या लांब केबलींमध्ये असं होतं. अशा वेळी कर्नल अंदाजानं १०२४ गुणिले ७६८ पर्यंतचीच रिझोल्यूशनं देतं. "प्रोजेक्टर चालतोय पण चित्र जाडंभरडं आहे" या तक्रारीमागे बरेचदा हे असतं.

बाइट वाचून त्यांचा अर्थ सांगणारी "ईडीआयडी-डीकोड" नावाची आज्ञा आहे. आधीच बसवून ठेवा.

सेमिनारनंतरच्या शनिवारी मी लॅपटॉप दुरुस्त करून त्याच हॉलमध्ये गेले. हॉल सांभाळणाऱ्या काकांनी दार उघडून दिलं. आधी ग्रबच्या मेनूतून जुनं कर्नल निवडून लॅपटॉप चालू केला, म्हणजे अपडेटच्या आधीची स्थिती. प्रोजेक्टर तसाच काळा. माझी आवडती थिअरी तिथेच गेली. मग स्टेटस वाचलं: कनेक्टेड. मग ईडीआयडी डीकोड केलं. त्यात डिस्प्लेचं नाव होतं, पण ते प्रोजेक्टरचं नव्हतं. एका ४के मॉनिटरचं होतं.

मी काकांना विचारलं, "काका, इथे कुठे मॉनिटर आहे का?" ते म्हणाले, "हा काय, पोडियमवर. मागच्या महिन्यात बसवला ना. वक्त्यांना मागे वळून बघायला नको म्हणून."

सेमिनारच्या दिवशी तो बंद होता. त्याचं बटण दाबायचं कोणालाच सुचलं नाही. आत्ता दाबलं, आणि माझा डेस्कटॉप त्याच्यावर लख्ख दिसला.

पायरी ४: थोडं गणित

पोडियमखाली नवा स्प्लिटर होता. एक चित्र आत, दोन बाहेर: एक मॉनिटरला, एक प्रोजेक्टरला. लॅपटॉपला मात्र ओळख एकच सांगता येते, आणि स्प्लिटर मॉनिटरची ओळख पुढे करत होता. मॉनिटरनं सांगितलं, "मला ३८४० गुणिले २१६० आवडतं, सेकंदाला ६० वेळा." माझ्या ड्रायव्हरनं आज्ञाधारकपणे तेच पाठवलं. प्रोजेक्टर १९२० गुणिले १०८० चा. त्याला ते झेपलं नाही आणि तो म्हणाला, "नो सिग्नल". सिग्नल होता. त्याला समजेल असा नव्हता, इतकंच.

किती फरक आहे बघा. १०८० च्या चित्रात कडेचा न दिसणारा भाग धरून एका ओळीत २२०० पिक्सेल आणि एकूण ११२५ ओळी जातात. सेकंदाला ६० चित्रं. २२०० × ११२५ × ६० = १४,८५,००,०००, म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्‌झ. ४के साठी हेच ४४०० × २२५० × ६० = ५९४ मेगाहर्ट्‌झ. बरोबर चौपट. एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४० मेगाहर्ट्‌झ आणि २.० ची ६००. म्हणजे ४के ला ३० चित्रं, २९७ मेगाहर्ट्‌झ, जुन्या पोर्टातूनही जातात. ६० चित्रांना मात्र नवीच साखळी लागते, आणि ती शेवटच्या केबलपर्यंत नवी असायला हवी.

मैत्रिणीचा लॅपटॉप का चालला, तेही आता उघड आहे. त्याचं पोर्ट जुनं. ४के पाठवण्याची त्याची कुवतच नव्हती, म्हणून त्यानं १०८० पाठवलं आणि प्रोजेक्टरला ते समजलं. माझा लॅपटॉप जास्त सक्षम होता म्हणून काळा पडला.

पायरी ५: डेस्कटॉपला सांगा

एक्स-११ वर असाल तर "एक्सआरअँडआर" ही आज्ञा नुसती दिली की पोर्टं आणि त्यांची रिझोल्यूशनं दिसतात. नावांत किंचित फरक असतो. कर्नल ज्याला एचडीएमआय-ए-१ म्हणतं, त्याला इथे एचडीएमआय-१ म्हटलेलं असू शकतं. "आउटपुट", "मोड" आणि "रेट" हे पर्याय देऊन १९२० गुणिले १०८० आणि ६० लावता येतं. मी हेच केलं आणि भिंत उजळली. सात शब्दांची आज्ञा.

वेलँडवर एक्सआरअँडआर फारसं कामाचं नाही. ते खऱ्या डिस्प्लेशी बोलत नाही, जुन्या प्रोग्रॅमांसाठी ठेवलेल्या मधल्या थराशी बोलतं. तिथे डेस्कटॉपच्या सेटिंगमधूनच रिझोल्यूशन बदला. तुम्ही कशावर आहात हे माहीत नसेल तर "एको" आज्ञेनं एक्सडीजी-सेशन-टाइप या चलाची किंमत बघा.

संशय खरोखर अपडेटवरच असेल तर

कधी कधी दोष खरंच ड्रायव्हरचा असतो. मग तो सिद्ध करा, ते अवघड नाही. जुन्या कर्नलवर चालतं आणि नव्यावर चालत नाही, आणि बाकी सगळं तेच, असं दोनदा उलटसुलट करून दिसलं, तर संशयाला बळ आलं. लाइव्ह यूएसबीवरून दुसरं लिनक्स चालवून बघणं हाही चांगला कंट्रोल: हार्डवेअर तेच, सॉफ्टवेअर वेगळं. कर्नलला "डीआरएम.डीबग" हा पर्याय ०x०४ देऊन सुरू केलं तर मोड सेटिंगचे तपशील नोंदीत येतात. "जर्नलसीटीएल हायफन के हायफन बी" नं या वेळच्या नोंदी मिळतात, आणि बी-पुढे उणे १ दिलं की मागच्या वेळच्या, अर्थात मशीन नोंदी जपून ठेवत असेल तर. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

आणि ड्रायव्हर पुन्हा बसवायचाच असेल, तर उबंटू असो की फेडोरा, तुमच्या वितरणाच्या पॅकेजमधूनच बसवा. उतरवलेला इन्स्टॉलर त्यावर बसवला की दोघांच्या फाइली एकमेकींत मिसळतात. मी त्या दिवशी एका बिघाडाचे दोन बिघाड केले ते असेच, आणि दुसरा निस्तरायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

इंटरनेटवरचा सल्ला वाचताना तारीख बघा. २००९ पूर्वीचं उत्तर वेगळ्या रचनेबद्दल बोलतंय. एनव्हिडियाबद्दलचे सल्ले तर पटकन जुने होतात. कंपनीनं कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला करायला सुरुवात केली तीच मे २०२२ मध्ये. पेपर वाचताना आपण वर्ष आणि पद्धत बघतो, तसंच इथे. टर्मिनलची भीती वाटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत. तिथून सुरुवात करा.

वहीचं एक पान

आता मी प्रत्येक बिघाडासाठी वहीत चार रकाने आखते: काय बघितलं, त्यावरून काय वाटलं, काय एकच बदललं, काय झालं. पहिला आणि दुसरा रकाना वेगळा ठेवणं सगळ्यात कठीण आहे. "ड्रायव्हर मोडला" हे निरीक्षण नाही. "स्टेटस कनेक्टेड, भिंत काळी" हे निरीक्षण आहे. त्या सकाळी माझ्याकडे दुसऱ्या रकान्यातलं एकच वाक्य होतं आणि मी ते पहिल्यात लिहून मोकळी झाले होते.

सेमिनारच्या आदल्या दिवशी मात्र वही नको, हॉलची किल्ली हवी. हॉलमध्ये जाऊन स्वतःचा लॅपटॉप स्वतः लावून बघा. व्हिडिओसकट बघा. त्या रात्री अपडेट करू नका. अपडेट वाईट म्हणून नव्हे, तर दुसऱ्या दिवशी काही बिघडलं तर संशयितांची यादी लहान असावी म्हणून. पीडीएफ आणि व्हिडिओ पेनड्राइव्हवर वेगळे ठेवा. आणि काळी भिंत समोर आलीच, तर पाच मिनिटांची मर्यादा घाला: इनपुट, स्टेटस, १०८०. तेवढ्यात नाही जमलं तर दुसरा लॅपटॉप घ्या. बिघाड नंतर शोधा, पण शोधाच.

दुसऱ्यांदा सेमिनार दिला तेव्हा पेशी भिंतीवर हलल्या. त्याच सरांनी तिसऱ्या व्हिडिओवर असा प्रश्न विचारला की माझं पुढचं सहा महिन्यांचं काम बदललं. स्थिर चौकटीवरून तो प्रश्न कोणाला पडलाच नसता.

काकांनी त्या शनिवारीच पोडियमवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. माझ्याकडून पेन घेतलं आणि लिहिलं: "भिंत काळी आली तर १०८० लावा. आधी मॉनिटर चालू करा."